शब्दचर्चा : वकिलात की दूतावास?

शंका : शब्दकोड्यातला आडवा शब्द, चार घरे, शोधसूत्र ‘परमुलखातील सरकारी कचेरी’. ‘दूतावास’ बसतो, पण शेवटच्या घरातून उभा शब्द सुरू होतो. त्याचे सूत्र ‘पुरंदर, १६६५’, घरे दोन, म्हणजे ‘तह’. मग आडव्याच्या शेवटी ‘त’ हवा. चूक कुठे आहे?

उत्तर : तह पक्का आहे, तो खोडू नका. आडवे ‘वकिलात’ लिहा. मराठेशाहीत दुसऱ्या दरबारी राहून आपल्या राज्याचे काम पाहणारा तो वकील. चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्यात इंग्रजांचा वकील होता. पुढे ‘वकील’ न्यायालयापुरता उरला, जुना अर्थ ‘वकिलात’मध्ये टिकला. सूत्रातला ‘परमुलूख’ हीच खूण आहे. सूत्राची भाषा जुन्या वळणाची असेल तर उत्तरही बहुधा त्याच वळणाचे असते.

भर : ‘राजदूत’ आणि ‘उच्चायुक्त’ यांचाही असाच घोळ होतो, दोघांनाही चारच घरे. इथे मात्र जुने-नवे पाहून भागत नाही, देश पाहावा लागतो. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात, बाकीच्यांकडे राजदूत जातो. म्हणून भारताचे ढाका आणि कोलंबो इथे उच्चायुक्त, तर काठमांडू आणि थिंफू इथे राजदूत. ‘लंडनमधील आपला प्रतिनिधी’ असे सूत्र आले की पुष्कळ जण ‘राजदूत’ लिहून मोकळे होतात आणि सगळा कोपरा बिघडतो. त्यातच ‘राष्ट्रकुल’ आणि ‘राष्ट्रसंघ’ हेही चार-चार घरांचे. १९२० सालचा उल्लेख असेल तर राष्ट्रसंघ.

शंका : ‘दोहोंना जोडणारी चिंचोळी पट्टी’, पाच घरे. सामुद्रधुनी की संयोगभूमी?

उत्तर : सूत्र ढिले आहे. पट्टी पाण्याची की जमिनीची, हे सांगायला हवे होते. दोन समुद्र जोडते ती सामुद्रधुनी, दोन भूभाग जोडते ती संयोगभूमी. जिब्राल्टर, होर्मुझ, मलाक्का या सामुद्रधुन्या. पनामा ही संयोगभूमी. सूत्रात यांपैकी काहीच नसेल तर दोन्ही शब्दांतले एकही घर सारखे नाही, त्यामुळे कोणताही एक उभा शब्द निकाल लावतो. ‘सामुद्रधुनी’तली धुनी साधूंची नव्हे. संस्कृतात धुनी म्हणजे नदी. हे एकदा कळले की शब्द कायमचा लक्षात राहतो.

दुरुस्तीवजा : हिंदी बातम्या ऐकून ‘बंगालची खाडी’, ‘खाडी देश’ लिहू नये. मराठीत खाडी ठाण्याची, वसईची. बंगालचा तो उपसागर (पाच घरे), आणि खंबातचे, कच्छचे, इराणचे ते आखात (तीन घरे). देशही ‘आखाती’च.

शंका : देशांच्या नावांत घरे कशी मोजायची?

उत्तर : जोडाक्षराला एक घर, अनुस्वाराला वेगळे घर नाही. पण लेखन बदलले की मोजणी बदलते. ‘बांगलादेश’ पाच घरे, ‘बांग्लादेश’ चार. तुर्कस्तान चार, तुर्किये तीन, टर्की दोन. कोडे रचणाऱ्याला हवे ते तिथे निवडता येते, म्हणून आधी घरे मोजा, मग नाव ठरवा. खरी अडचण ब्रह्मदेश-म्यानमार आणि सिलोन-श्रीलंका या जोड्यांची, कारण त्यांची घरे सारखीच. सूत्रात ‘पूर्वीचे नाव’ नसेल तर नवे नाव धरावे, पण पेन्सिलीने.

रफारही उपयोगी पडतो. रफाराच्या अक्षराने मराठी शब्द सुरू होत नाही. होर्मुझच्या मधल्या घरातून, म्हणजे ‘र्मु’मधून, उभा शब्द सुरू होत असेल तर ‘होर्मुझ’ तिथे बसूच शकत नाही. ‘मलाक्का’ घालून पाहा. ‘ला’ने सुरू होणारे शब्द भरपूर आहेत.