शब्दचर्चा : संशयिताचे 'रेखाचित्र' की आणखी काही?

प्रश्न : साक्षीदाराच्या आठवणीवरून संशयिताचा चेहरा तयार करतात, त्याला मराठीत काय म्हणावे? २०१३ च्या शक्ती मिल प्रकरणात मुंबई पोलिसांनी संशयितांची रेखाचित्रे प्रसिद्ध केली होती, तो शब्द सगळ्यांच्या ओळखीचा. पण संगणकावर जुळवलेल्या चेहऱ्यात रेघ कुठे असते? 'संमिश्र मुखचित्र' हा पर्याय मला अगदीच कोरडा वाटतो.

उत्तर १ : हाताने काढलेले असेल तर 'रेखाचित्र'च ठेवा. बोलताना सगळे 'स्केच'च म्हणतात. 'व्यक्तिचित्र' मात्र नको, तो आपल्याकडे साहित्यप्रकार झालाय. जर्मनमध्ये या चित्राला 'फांटोमबिल्ड' म्हणतात, म्हणजे जवळपास 'भासचित्र'. छान आहे, पण बातमीत कुणाला कळणार?

उत्तर २ : मी 'तोंडवळाचित्र' सुचवेन, आणि मनापासून. चेहऱ्याबद्दल बोलायच्या आपल्या दोन तऱ्हा आहेत. 'नाकीडोळी नीटस' म्हणताना आपण एकेक अवयव बघतो. 'तोंडवळा आईवर गेलाय' म्हणताना अख्खा चेहरा एका नजरेत घेतो, कशामुळे ते सांगता येत नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत आलेल्या आयडेंटिकिटमध्ये पारदर्शक पट्ट्यांवर काढलेली नाके, डोळे, हनुवट्या एकावर एक ठेवून चेहरा जुळवत. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये फोटोफिट आले, त्यात छायाचित्रांचे तुकडे असत. दोन्हींचा भर नाकाडोळ्यांवर. साक्षीदाराला विचारायचे, 'नाक कसं होतं?' तो बिचारा अडखळायचा, कारण माणूस चेहरा असा सुटा सुटा लक्षात ठेवत नाही. काल स्वतःवर करून पाहिले. रोज भाजी देणाऱ्या मावशींचे नाक बसके की सरळ, मला सांगता येईना. कपाळावरचे गोंदण तेवढे आठवले. पण भर मंडईत शंभर जणींत मी त्यांना ओळखीन. नंतरच्या इव्होफिटमध्ये पडद्यावर पूर्ण चेहरेच दाखवतात. साक्षीदार त्यातले जवळचे वाटणारे निवडतो, त्यांच्या मिश्रणातून नवे चेहरे तयार होतात, पुन्हा निवड. म्हणजे सुरुवातच तोंडवळ्यापासून.

प्रश्नकर्ती : पटले. पण 'चेहरेपट्टी' का नको? अर्थ तोच ना?

उत्तर २ : जवळचा आहे, पण 'चेहरेपट्टीचित्र' म्हणताना जीभ अडते. 'संशयिताचे तोंडवळाचित्र जारी' हे एकदा मोठ्याने वाचून बघा. पेन्सिलीने काढलेले असेल तिथे 'रेखाचित्र' राहू द्या.