मदत हवी आहे: बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांच्या संख्येचे मूळ अवयव हाताने कसे पाडायचे?

नमस्कार मंडळी,

भाची नववीत आहे. गणिताच्या प्रकल्पासाठी तिने बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट घेतलीय. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं ६४ घरांपर्यंत. एकूण दाणे २^६४ − १, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. त्या मापाने १८४ परार्धांच्याही वर!

नुसत्या आकड्यावर बाई खूश होणार नाहीत, त्यांना 'संख्येचे गुणधर्म' हवेत. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. शेवटी ५ आहे, म्हणजे ५ नेही जातो. दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावत गेलं की

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिले पाच मूळ आहेत. गाडी अडलीय ती शेवटच्यावर. ही २^३२ + १. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढवत १ मिळवला की येणाऱ्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात असं फर्मा या गणितज्ञाला वाटायचं. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ही ६४१ × ६७००४१७ अशी फोडून दाखवली. उत्तर नेटवर आहेच, पण बाईंना 'का' हवंय. नेमका ६४१ च का सुचावा? आणि ६७००४१७ आणखी फुटत नाही हे कशावरून? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, मग तिथपर्यंतच्या सगळ्या मूळसंख्यांनी भागत बसायचं का? स्प्रेडशीटवर २^६४ − १ ही अख्खी संख्या पडताळायला गेलं तर १५ अंकांनंतर सरळ शून्यं भरून येतात.

जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

६४१ चं भागाकार न करता दाखवता येतं, आणि ते फार देखणं आहे. ६४१ = ५ × २^७ + १. शिवाय ६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४.

पहिल्यावरून, ५ × २^७ ला ६४१ ने भागलं तर बाकी −१ धरता येते. दोन्हीकडे चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. आता ५^४ च्या जागी −२^४ घाला, कारण दोघांत फरक ६४१ चाच. म्हणजे −२^३२ ची बाकी १, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो. नववीला झेपेल.

प्रतिसाद २

वरचं छानच, पण ६४१ आला कुठून ते राहिलं. ऑयलरने सिद्ध केलं की २^३२ + १ चा कुठलाही मूळ अवयव ६४क + १ अशाच रूपाचा असतो (क म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या). अशा मूळसंख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच गवसली!

पुढे ल्यूका या गणितज्ञाने चाळणी आणखी बारीक केली: १२८क + १. ६७००४१७ चा अवयव हा २^३२ + १ चाही अवयव, त्यामुळे त्यालाही हाच नियम. २५८८ च्या आत या रूपाच्या मूळसंख्या फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. पाच भागाकार, बस्स. सिद्धता नववीच्या पलीकडची आहे, प्रकल्पात 'हा नियम गृहीत धरला आहे' असं स्पष्ट लिहायला सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! तिने कागदावर केले: बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. सगळे अवयव वेगवेगळे आणि सात, म्हणून एकूण विभाजक २^७ = १२८, हेही तिने स्वतःच काढलं. आता विचारतेय, २^६४ + १ सुद्धा असंच फोडू का?

प्रतिसाद २

तिथे रूप २५६क + १, आणि सर्वांत लहान अवयव २७४१७७. म्हणजे क = १०७१. प्रकल्प कधी द्यायचाय त्यावर ठरवा :)