'तिथे तसं लिहिलंय ना!' – गाणंवेड्यांनो, तुमचे अनुभव सांगा

कोमलरिषभ
काल माळा आवरताना बाबांची वही सापडली. लाल पुठ्ठा, रेघी पानं. रेडिओवर गाणं लागलं की गाणं, गायक, गीतकार, संगीतकार असे चार रकाने भरायचे ते. 'बुगडी माझी सांडली गं'समोर नुसतंच 'वसंत प' लिहिलंय, आणि पुढचं 'वार' वेगळ्या शाईत. निवेदिका भरभर बोलली असणार. वसंत प्रभू, वसंत पवार, शिवाय वसंत देसाई. एका पिढीत तीन वसंत म्हणजे गोंधळ ठरलेलाच!

तर जुनी गोष्ट आठवली. एका ऑनलाइन ज्ञानकोशात, कुणीही बदल करू शकतो अशा, पवारांचं एक गाणं प्रभूंच्या यादीत दिसलं. मी बदललं. वीस मिनिटांत पूर्ववत! कारण : 'संदर्भ नाही.' मी लिहिलं, वडिलांच्या वहीत आहे. उत्तर आलं, वही चालत नाही, छापील काही द्या. मी रडकुंडीला. बाबा तेव्हा होते. म्हणाले, "अगं, मीच चुकीचं ऐकलं असेन तर?" तेव्हा त्यांचाच राग आला होता.

तुमचे असे किस्से येऊ द्या.

पावणेआठची_लोकल
ठाण्यापर्यंत उभी आहे, एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.
'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चे संगीतकार मॉरिस जार २००९ मध्ये गेले. डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या तोंडी घालायला एक गोडसं वाक्य रचलं आणि विकिपीडियावर डकवलं. मृत्युलेखांत ते छापून आलं, अगदी गार्डियनमध्येसुद्धा. महिनाभराने त्या पोरानेच कळवलं तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना पत्ता लागला. गंमत म्हणजे विकीवरच्या लोकांनी संदर्भ नाही म्हणून ते काढून टाकलं होतं. म्हणजे पहारेकरी जागा आणि घरमालक झोपलेला!

चकलीचा_सोऱ्या
कोमल, वहीचे आधी फोटो काढून ठेव. आमच्याकडे सासऱ्यांच्या नाट्यगीतांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, अर्धा 'सौभद्र' गेला. माळ्यावर पितळी डबे सापडले का गं?

निवांत_पाटील
छापील म्हणजे खरं असं कुणी सांगितलं? लताबाईंची गाणी २५ हजार, हे गिनेस बुकात १९७४ च्या आवृत्तीत छापलं होतं. रफीसाहेबांनी हरकत घेतली, त्यांचा स्वतःचा दावा २८ हजारांचा! कानपूरच्या हमराजांनी हिंदी गीतकोश केला, वर्षावर्षाच्या सिनेमांची गाणी एकेक करून नोंदवली. ते बघितल्यावर कळलं की मोजायला बसलं तर दोन्ही आकडे जवळपासही जात नाहीत. १९९१ मध्ये गिनेसने ती नोंदच काढली. पण आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी निवेदक '२५ हजार गाणी' म्हणतोच. मी एकदा खालून ओरडलो. बायकोने चिमटा काढला.

मुंगूस
@निवांत_पाटील, वहिनींना दंडवत. हसून हसून पुरेवाट.

तबकडीवाला
रेकॉर्डच्या लेबलवर तरी विश्वास ठेवाल? 'महल' (१९४९), 'आएगा आनेवाला'. पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलंय 'कामिनी'. म्हणजे पडद्यावर मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव! तेव्हा तशीच पद्धत होती. मूळ तबकडीचा फोटो पुरावा म्हणून लावायचा, तर ते गाणं कामिनीबाईंचं ठरतं.

मुंगूस
मग कामिनीबाईंचं पान कधी काढताय? जन्मतारीख मी देतो.

सासष्टीकर
आमच्या गोव्यात तीन केरी. एक फोंड्यातली, एक सत्तरीतली, एक पेडण्याची समुद्रकाठची. सुरश्री केसरबाई केरकर फोंड्याच्या. आमचा एक मित्र मुंबईहून आला, फोनवर नुसतं 'केरी, गोवा' एवढंच वाचलेलं, गाडी थेट पेडण्याच्या किनाऱ्यावर. वाळूत उभा राहून फोटो टाकला, 'सुरश्रींच्या गावी'. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी काही बोललो नाही. मासे चांगले मिळाले म्हणाला.
तिथे व्हॉयेजर यानात त्यांची 'जात कहाँ हो' १९७७ पासून अंतराळात चाललीय. तिला पत्ता विचारावा लागला नाही!

एक_संपादक
नाव बदलून लिहितोय, कारण तुमच्यातल्या काही जणांशी माझं तिकडे, विकीवर, भांडण झालंय. कोमलताई, तुमचं पूर्ववत करणारा मी नसेन अशी आशा.
गाणंवेड्यांचा त्रास चुकांपेक्षा विशेषणांचा. रोज कुणीतरी 'स्वर्गीय आवाजाचे धनी', 'अजरामर' लिहून जातं, ते मी रोज झाडतो. तबकडीचं लेबल, कव्हरवरची श्रेयनामावली, रेकॉर्ड क्रमांक दिला तर आम्ही मानतो बरं का. वही नाही मानत, कारण उद्या मीही एक वही लिहीन.
पण एक कबुली. एका भावगीत गायिकेचं जन्मवर्ष मीच घाईत चुकीचं टाकलं. पुढच्या वर्षी एका दैनिकाच्या पुरवणीत लेख आला, त्यात तेच वर्ष, उघडच माझ्याकडून उचललेलं. मग कुणीतरी तो लेख संदर्भ म्हणून माझ्याच चुकीला जोडला. त्यांच्या मुलीचा निरोप आला, 'आईचं वय दोन वर्षांनी वाढवलंत.' माझ्यापाशी त्यांचा शब्द, समोर छापील पुरावा. सात महिने लागले. जुन्या कार्यक्रमाची एक स्मरणिका मिळाली तेव्हा बदललं. त्या बाई तोवर नव्हत्या.

पावणेआठची_लोकल
अरे बापरे. (दादरला उतरले. जिना चढताना हे वाचायला नको होतं.)

निवांत_पाटील
संपादकसाहेब, 'गीतरामायणा'ची ५६ही गाणी बाबूजींनीच (सुधीर फडक्यांनी) गायली असं लिहिणाऱ्याला तुम्हीच हाकललंत ना? असाल तर चहा माझ्याकडून. १९५५ ला पुणे आकाशवाणीवर ती कितीतरी गळ्यांतून आली होती, माणिकताई (वर्मा) होत्या. संगीत आणि नंतरचे जाहीर कार्यक्रम बाबूजींचे, म्हणून लोकांना तोच आवाज आठवतो. मलाही परवापर्यंत तसंच वाटायचं, हे इथेच राहू दे.

तबकडीवाला
@कोमलरिषभ, त्या वहीत साठ-पासष्टची पानं असतील तर 'आनंदघन' बघा हो कुठे आहे का.

कोमलरिषभ
आहे! आत्ता बघितलं. 'साधी माणसं'ची दोन गाणी. संगीतकाराच्या रकान्यात 'आनंदघन', पुढे पेन्सिलीने 'हे कोण?' आणि खाली बाण काढून निळ्या शाईत, दोनदा अधोरेखित, 'लता!!' कधी कळलं असेल त्यांना, कुणी सांगितलं असेल, काही तारीख नाही. बाजूला दूधवाल्याचा हिशेब आहे फक्त.
@एक_संपादक, तुम्ही नव्हतात. त्याचं टोपणनाव मला अजून पाठ आहे.
@चकलीताई, पितळी डबे दोन आहेत. आई देणार नाही.