सोयाबीननंतर खपली: पेरणी, खत आणि पाणी

पंचगंगाकाठ:
रामराम मंडळी. शिरोळ तालुक्यातलं भारी काळं रान, दीड एकर सोयाबीन निघालंय. विहिरीचं पाणी आहे, पाटानं द्यायचं. खपली, म्हणजे टरफलातला जुना गहू, करायचा विचार आहे. रानात ओल आहे तोवर आत्ताच ऑक्टोबरात उरकावी का? बी सोलून घ्यायचं की टरफलासकट? आणि खत गव्हाएवढंच का? या भागात खपली दाणे भरताना लोळते, आडवी पडते, ते टाळायचं आहे.

रानवाट:
घाई करू नका दादा. ऑक्टोबरच्या उबेत पेरलेली खपली फुटवे कमी धरते आणि लवकर निसवते, म्हणजे कणसं बाहेर टाकते. 1 ते 15 नोव्हेंबर ही खरी वेळ. तोवर कुळवाच्या दोन पाळ्या घाला, सारे पाडून रान भिजवा आणि घात आली, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर झाली, की पेरा. कोरड्यात पेरून वरनं पाणी सोडलं तर काळ्या मातीवर कडक थर येतो, मोड खालीच अडकतो.

बी टरफलासकटच घ्या. सोलताना दाण्याचा अंकुर दुखावतो, उगवण पडते. आधी 100 टरफलं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. एका टरफलात बहुधा दोन दाणे असतात, म्हणून मोड मोजू नका, मोड आलेली टरफलं मोजा. 85च्या आत आली तर बी वाढवा. एरवी एकरी 40 किलो, दोन ओळींत 9 इंच, खोली 5 सेंमी. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात हे हलकं, कुसळाचं बी नळीत अडकतं आणि ओळीच्या ओळी मोकळ्या राहतात. बैलाच्या कुरीनं पेरा, चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ सारखी चालणारा माणूस बघा.

काळीमाती:
लोळण्याचं मूळ युरियात आहे. जुनी खपली उंच वाढते. गव्हाला एकरी 48 किलो नत्र देतात. तेवढं हिला दिलं की काडी लांब आणि मऊ होते, कणसाचा भार पेलत नाही. पेरताना डीएपीचं 50 किलोचं एक पोतं आणि पोटॅश 25 किलो द्या. 21व्या दिवशी मुकुटमुळं फुटताना पहिलं पाणी, तेव्हा युरियाचं 45 किलोचं पोतं असेल तर पाऊण. एकूण नत्र 24 किलोच्या आसपास बसतं. नंतर पान जरा पिवळं दिसलं म्हणून युरिया फेकायचा मोह आवरा.

पुढची पाणी कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा चिकात असताना. हे शेवटचं हलकं द्या, वारं सुटलेल्या दिवशी अजिबात नको: बुडातली माती सैल झाली की एका झोतात पट्टाच्या पट्टा आडवा होतो. लोळण्याचीच धास्ती असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस 2971 बघा, ते बुटकं आहे.

पंचगंगाकाठ:
चांगलं सांगितलंत. तांबेरा रोगाला फवारणी? आणि मळणी गव्हाच्या यंत्रावर होईल का?

रानवाट:
तांबेऱ्याला खपली चांगली टिकते, त्यासाठी आगाऊ फवारणीचा खर्च करू नका. ढगाळ हवेत मावा मात्र बघत राहा.

मळणी गव्हाच्या यंत्रावर होते, पण कणीस मोडून टरफलंच पडतात, दाणा सुटत नाही. तो सुटावा म्हणून वेग वाढवला तर दाणा फुटतो आणि खिरीच्या मालाचा भाव जातो. टरफलासकट वाळवून साठवा, किडीला दाण्यापर्यंत पोचणं अवघड जातं. लागेल तसं गिरणीतून सोलून आणा. 100 किलोचे साधारण 70 किलो उतरतात. व्यापाऱ्यानं दर सांगितला की तो टरफलाचा की सोललेल्याचा, हे वजनाआधीच विचारून घ्या.