स्विच, डेक की ॲलाय? कुठला कशात मार खातो ते सांगा

खानापूर_फास्ट

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, बेळगावच्या उद्यमबागेत एका युनिटमध्ये क्वालिटीला आहे. रोज बसनं जाऊन-येऊन. मोबाईलवर खेळायला गेलं की अर्धा पडदा आपल्याच अंगठ्याखाली जातो, म्हणून हातातला कन्सोल घ्यायचं ठरवलोय. बजेट ४०,०००, सेकंडहँड चालतंय. डोक्यात तीन आहेत: स्विच ओएलईडी, स्टीम डेक (पहिला, एलसीडीवाला) आणि आरओजी ॲलाय.

यूट्यूबवाले तिघांनाही बेस्ट म्हणतात. मला उलटं सांगा. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट जाते, तेही धरा. आणि आई विचारली तर 'कंपनीचं मशीन आहे' म्हणून सांगणार आहे, तेव्हा फार घोंगावणारं नको.

टिळकवाडी_टर्बो

स्विच घे, विषय संपला. ४२० ग्रॅम. डेक ६६९ ग्रॅम, बसमध्ये उभा राहून एका हातानं दांडी धर आणि दुसऱ्या हातात डेक धर, मग कळेल.

मार कुठं खातो म्हणशील तर आतली टेग्रा चिप २०१५ सालातली आणि पडदा ७२०पीचा, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी. नवे मोठे गेम त्यावर येतातच कमी, आले तरी पाणी घालून. शिवाय आपल्या देशात निन्टेंडो कंपनी स्वतः विकत नाही, त्यामुळं वॉरंटी म्हणजे दुकानदाराच्या तोंडचा शब्द.

फिटर_उद्यमबाग

मी पडद्याबद्दल बोलणार नाही, काठीबद्दल बोलतो, म्हणजे अंगठ्यानं फिरवायची ती स्टिक. वीस वर्षं मशीनवर आहे. रविवारी गल्लीतल्या पोरांचे कंट्रोलर उघडून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो.

जुन्या रेडिओचा आवाजाचा कान पिळल्यावर खरखर यायची, आठवतंय? आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धातूची जीभ घासत फिरते. पट्टी झिजली, वर धूळ बसली की खरखर सुरू. तुमच्या यादीतल्या तिन्ही कन्सोलच्या काठ्या याच जातीच्या. फरक एवढाच, रेडिओत खरखर ऐकू येते आणि इथं तुम्ही हात न लावता गेममधला माणूस डावीकडं चालत सुटतो. ड्रिफ्ट म्हणतात ते हेच. स्विचच्या जॉयकॉनचं, म्हणजे दोन्ही बाजूंना लावायच्या कंट्रोलरचं, नाव यात सगळ्यात जास्त गाजलं. तरी जॉयकॉन निदान सुटा तरी होतो. स्विच लाईट या छोट्या मॉडेलमध्ये काठी अंगातच बसवलीय, म्हणजे सर्दी झाली म्हणून सगळं नाक कापायचं.

उपाय माहीत नाही असं नाही. काठीला चुंबक लावायचं, शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर ठेवायचा, काही घासायचा प्रश्नच नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच ते होतं. आणि २०२५ला आलेल्या स्विच २मध्ये? नाही! आमच्या शॉपवर असं ड्रॉइंग आलं असतं तर साहेबांनी ते चहाच्या कपाखाली ठेवलं असतं.

डेकचं एक बरं, काठी वेगळ्या बोर्डावर असते, कनेक्टर काढला की सुटली. सोल्डरिंग लागत नाही. हॉलवाल्या काठ्या बाहेरून मिळतात. पण एलसीडी डेकचे मागचे आठ स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये रुतवलेत. दर वेळी उघडलं की आटे थोडे जाणारच. २०२३च्या ओएलईडी डेकमध्ये टॉर्क्स स्क्रू आणि धातूचे आटे दिले, शेवटी कुणीतरी फिटरचं ऐकलं म्हणायचं.

सेकंडहँड घेताना आधी स्क्रूची डोकी बघा. मग सेटिंग्जमध्ये कंट्रोलरची चाचणी उघडा, काठी सोडून द्या आणि ठिपका मध्यभागी परत येतो का बघा. चारी बाजूंनी, हळू. विकणारा घाई करू लागला तर आणखी हळू.

आणि पुढं कधी डेक उघडलात तर मेमरी कार्ड आधी काढा. ते राहिलं तर पाठ उचलताना कार्डाचे दोन तुकडे होतात. मी विसरलो होतो. कार्ड भाच्याचं होतं. दिवाळीलाही आला नाही तो.

कॅम्पवाली

फिटरकाकांनी काठी सांगितली, मी बॅटरी सांगते. पहिला ॲलाय आणि एलसीडी डेक, दोन्हीत ४० वॉट-अवर. ॲलाय टर्बोवर, म्हणजे जास्त ताकदीच्या मोडवर, टाकला की चिपच २५ वॉट ओढते, वर पडदा आणि पंखे. मग तासाभरात चार्जर शोधायचा. डेकची चिप १५ वॉटला थांबते, म्हणून जड गेम दीड-दोन तास चालतो, हलका असेल तर त्याच्या कितीतरी पट. ॲलाय एक्समध्ये ८० केलंय, पण ते तुझ्या बजेटमध्ये बसत नाही. लाईट गेल्यावर घरातला साधा पॉवरबँक लावून भागणार नाही, डेकला ४५ वॉटचा पीडी, म्हणजे टाइप-सीवर जास्त वॉट देणारा, लागतो.

ॲलायवर विंडोज ११ आहे. सात इंची पडद्यावर ती बारीक फुली बोटानं दाबून बघ एकदा. कंडक्टर आला, पटकन बंद केलं, परत तिथंच सुरू, हे डेकवर एका बटणात होतं. विंडोजचा भरवसा नाही, कधी बॅगेतच जागं राहतं. ॲलायची कार्डाची खाच गरम हवेच्या वाटेशेजारी आहे, कार्ड न वाचण्याच्या तक्रारी २०२३ला एवढ्या झाल्या की कंपनीला मान्य करावं लागलं.

उलट बाजू: डेकवर लिनक्स आहे. दोस्तांबरोबर व्हॅलोरंट खेळायचा असेल तर डेक विसर, त्यांचं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, तिथं चालत नाही. आणि जड गेमला पंखा ऐकू येतो रे. आई ओळखणार.

शहापूरचा_अण्णा

आमच्याकडं ब्रिक गेम होता. दोन पेन्सिल सेलवर किती महिने चालायचा देव जाणे, आणि उन्हात धरला की आणखी चांगला दिसायचा. आता ४०,०००चा कन्सोल उन्हात धरला की आपलंच तोंड दिसतं. एक फुकटचा सल्ला: बेळगाव खानापूरच्या सरळ उत्तरेला आहे, म्हणजे सकाळी जाताना ऊन उजवीकडं आणि संध्याकाळी येतानाही उजवीकडंच. ड्रायव्हरची बाजू सोड, डावीकडं बस.

टिळकवाडी_टर्बो

अण्णा, सुम्ने कायतरी सांगता असं वाटलं, पण नकाशा बघितलो. बरोबर आहे की!

खानापूर_फास्ट

रविवारी चोर्ला घाटातनं म्हापशाला जाऊन आलो. ॲलाय सोडून दिला, बॅटरीचा हिशेब ऐकूनच. स्विचही सोडला, कारण माझे निम्मे गेम आधीच स्टीमवर, म्हणजे डेकवाल्यांच्याच ऑनलाइन दुकानात, घेतलेले आहेत, परत पैसे कोण घालणार. एलसीडी डेक बघितलो. माणूस ३१,००० म्हणत होता. काठ्या दोन्ही मध्यभागी येतात, चारी बाजूंनी हळू फिरवून बघितलो. तो तीनदा घड्याळ बघितला, मी आणखी हळू.

मग पाठ उलटी केलो. सात स्क्रू एका रंगाचे, आठवा वेगळा. 'कधी उघडलाच नाही साहेब' म्हणतोय. मी काही बोललो नाही, नुसतं त्या स्क्रूवर बोट ठेवून बसलो. २८,००० ला दिला.

फिटरकाका, आत काय केलंय ते बघायला पाहिजे. येत्या रविवारी चहाला येऊ का? घरी 'मशीनचं कॅलिब्रेशन आहे' म्हणून सांगितलोय.

फिटर_उद्यमबाग

या. कार्ड काढून आणा.