कुत्र्याचा वाढदिवस केला तर पोळा बाटतो का?

कळण्याची_आई (जळगाव)

गप्पच बसणार होते. पण बैलजोडी_यावल यांच्या त्या पोस्टखाली नुसते अंगठे आणि 'एकच नंबर भाऊ' वाचून डोकं फिरलं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: 'जळगावात हल्ली कुत्र्याचा केक कापतात. कुत्रं कूलरसमोर, आईबाप गावाकडे पत्र्याखाली. जनावराची माया पाहायची तर पोळ्याला शेतकऱ्याच्या दारी या, शहरातलं सगळं सोंग.'

तर भाऊ, कूलरसमोर झोपतं ते कुत्रं आमचं. जात गावठी, रंग थेट कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचा, म्हणून नाव कळण्या. एप्रिल लागला की हा कूलरच्या पुढ्यात चारी पाय पसरून पोट फरशीला लावतो. कूलरमध्ये पाणी भरायला बादली उचलली की आपल्या आधी तिथे हजर. लाईट गेली की उठतो आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, जणू फ्यूज त्यांनीच काढून ठेवलाय. भाकरी थापायचा आवाज आला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येतो, आत मात्र पाऊल टाकत नाही. हे त्याला कोणी शिकवलं ते आजवर कळलं नाही. ताजी भाकरी खातो. पोळी दिली तर ती उचलून दिवाणाखाली नेऊन ठेवतो आणि परत येऊन भाकरीची वाट बघतो.

आता आईबापांचं. माझे सासरे आमच्याजवळच राहतात. 'घरात कुत्रं आलं तर मी गावाला निघून जाईन' हे त्यांचंच वाक्य. सासूबाई गेल्यावर माणूस बोलायचाच थांबला होता. जेवलात का, हो. झोपलात का, हो. आज पहाटे पाच वाजता जिन्यातून आवाज येतो, 'चाल रे भो, फिरी येऊत.' सगळी अहिराणी त्या कुत्र्याशी. शेतात काय पेरलं होतं, कोणत्या साली तापीला पूर आला होता, सगळं त्यालाच सांगतात. पिल्लू असताना त्याला पार्व्हो झाला. रक्ताची जुलाब, उलट्या, तोंडात पाणी ठरेना. त्यावर नेमकं औषध नसतं, सलाईन लावून जीव धरून ठेवायचा एवढंच. तेव्हा रात्रभर बाटली धरून बसले ते हेच, घर सोडून जाणारे.

केक म्हणाल तर माझ्या मुलीनं केला होता, ज्वारीच्या पिठाचा. चॉकलेट कुत्र्याला विष असतं हे तिनंच मला सांगितलं. यात सोंग कुठलं, तेवढं समजावून सांगा.

बैलजोडी_यावल

ताई, पोस्ट तुमच्यावर नव्हती. पण टोपी बसली तर घाला.

कुत्री माझ्याकडेही आहेत, मळ्यात. रात्री केळीत डुकरं शिरतात, त्यांच्यामागे धावतात, सकाळी बांधावर येऊन पडतात. त्यांना नावंसुद्धा नाहीत. शीळ घातली की येतात. आणि पोळ्याचं तुम्ही हसण्यावारी नेलंत म्हणून सांगतो. आदल्या सांजेला खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं तो खांदा हळद-तुपानं चोळायचा, 'उद्या जेवायला या' म्हणून आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, झूल, पुरणपोळीचा घास. त्याच्याकडून घेतलं ते त्याला परत केलं. तुमच्या केकात काय परत केलं?

भुसावळचा_लोको

दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण मला वेगळंच बोलायचंय. आमच्या कॉलनीत एकानं हस्की आणलाय. भुसावळात! सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारं कुत्रं, अंगावर दुहेरी केसांचा थर, आणि मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना. बाकी सगळी गरमी जीभ काढून धापा टाकूनच बाहेर टाकायची. मालक नोकरीला गेले की ते गच्चीच्या जिन्यात बांधलेलं. संध्याकाळी साहेब त्याला डांबरी रस्त्यावर फिरवतात. तो डांबर सहा वाजतासुद्धा हाताला लावून पाहा म्हणावं! आणि ते पग, नाक चपटं, सावलीतसुद्धा घुरघुर करतात. हौस तुमची, दम त्याचा.

कळण्याची_आई

हस्कीबद्दल मान्य. पण त्याची बिलं माझ्या नावावर फाडू नका.

कापूसकोंड्या (पारोळा)

मांजरवाल्यांना कोणी विचारतच नाही इथे.

2022 ला कापूस बारा हजारांच्या वर गेला होता हे सगळ्यांना आठवत असेल. पुढच्या हंगामात तोच भाव परत येईल म्हणून आम्हीही पुढची खोली छतापर्यंत भरली. भाव येईना, कापूस हलेना, आणि मांजर त्यात व्यालं. आता व्यापारी दारात, आणि बायको म्हणते पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत ढिगाला हात लावायचा नाही. डोळे उघडेपर्यंत भाव अजून उतरला. घरभर खाज सुटली होती ती निराळीच. सांगायचं म्हणजे, जनावरापायी शेतकऱ्याचं नुकसान फक्त गोठ्यातच होतं असं नाही.

ती मांजर अजून आहे. उन्हाळ्यात माठाखालच्या ओल्या वाळूत बसते आणि कोणी पाणी घ्यायला गेलं की गुरगुरते. दूध पीत नाही, साय खाते. तिचं नाव 'क्विंटल'.

अमळनेरी_मिरची

क्विंटल!! 😂 ताई, तुमच्या कळण्याला अहिराणी कळते हे वाचून बरं वाटलं, कारण आमच्या पोरांना कळत नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक कुत्र्याला 'सिट, कम, नो'. मालक मात्र फोनवर 'काय भो, कसा शे'. कुत्र्याशी बोलायला इंग्रजी लागते हा नियम कोणी काढला?

धुळ्याचा_वाटसरू

तुमचं कौतुक चालू द्या. माझ्या पुतण्याला शाळेतून येताना चावलं. मोकाट. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला लागली की समजेल माया काय असते.

सलाईनवाली (नंदुरबार)

पुतण्याचं वाईट वाटलं. पण पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली हो, आता ती दंडात देतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-तिखट भरायचं नाही. चौदाच्या धाकानं लोक अजूनही मांत्रिकाकडे जातात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. म्हणून बोलले, राग नको.

धुळ्याचा_वाटसरू

राग नाही. पण तुम्ही दवाखान्यात आहात म्हणून शांतपणे बोलता. सुप्रीम कोर्टानं 2025 च्या ऑगस्टमध्ये आधी दिल्लीची कुत्री उचला म्हटलं, मग त्याच महिन्यात म्हणे नसबंदी करून, लस टोचून, पिसाळलेली आणि चावरी वगळता बाकीची परत सोडा. आमच्या गल्लीत ना उचलणारा आला ना टोचणारा. पाव टाकणारे मात्र रोज येतात.

शहाद्याचा_नाना

वाटसरू, त्याचा वेगळा धागा काढा. मला बैलजोडीवाल्यांना एकच विचारायचंय. खांदेमळणी झाली, पुरणपोळी झाली, फोटो काढला. बैल म्हातारा झाल्यावर कुठे जातो? हे पोस्टमध्ये नव्हतं. मी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत लहानपणापासून जातो. घोडा देताना त्याच्या मानेत तोंड खुपसून रडणारा माणूस मी पाहिलाय, आणि नोटा दोनदा मोजून घेणाराही तोच. माया आहे, नाही म्हणत नाही. पण तिच्यावर भावाची चिठ्ठी लावलेली असते. कळण्याला कोणी एक रुपया देणार नाही, तरी तो घरात आहे. मग सोंग कोणाचं?

बैलजोडी_यावल

नाना, वयानं मोठे असाल म्हणून जीभ आवरतो.

तुम्ही शेती करता का? करत असाल तर वैरणीचा भाव सांगा. ढेपेचं पोतं सांगा. म्हातारा बैल दावणीला बांधला तर तो जवानाइतकाच खातो. 2015 चा गोवंश हत्याबंदीचा कायदा आल्यापासून त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. सोडावा तर दुसऱ्याच्या शेतात शिरणार, बांधावा तर मी काय खाऊ? हे तुम्ही एसीत बसून विचारता.

शहाद्याचा_नाना

एसी नाही, पंखा आहे. आणि पपई-ऊस दोन्ही करतो. प्रश्नाला उत्तर द्या.

अमळनेरी_मिरची

आता बैलच आला का मध्ये? धागा कुत्र्याचा होता.

वरखेडीचा_दलाल_नाही

येऊ द्या की. बाजारात दात मोजून, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो तेव्हा बैलाला कोणी विचारत नाही. मी पाचोऱ्याकडचा, वरखेडीचा गुरांचा बाजार बघत वाढलो. पोळ्याच्या आधी जोड घेणारे आणि पेरणी-कोळपणी आटोपल्यावर तीच जोड विकणारे तिथे ढिगानं भेटतील. चारा वाचतो. पुढच्या वर्षी नवी जोड, नवा फोटो. सगळे तसे नाहीत, पण आहेत. नानांच्या बोलण्यात तथ्य आहे.

बैलजोडी_यावल

बरं. मग ऐकाच.

2022 ला लम्पी आला तो आमच्याच पट्ट्यात. राज्यातलं पहिलं गाव चिनावल, आमच्या शेजारच्या रावेर तालुक्यातलं. ऑगस्टचा महिना, पोळा तोंडावर. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचत होते, आमच्या गावात पोचेपर्यंत जोडीतला डावा गाठींनी भरला होता. पाय सुजलेले, खाली बसला की उठवायला चार माणसं. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, हळद, डॉक्टर, सगळं केलं. गेला. सरकारनं ओढकामाच्या बैलाला पंचवीस हजार ठरवले होते, ते मिळाले, खोटं बोलणार नाही. पण उजवा गव्हाणीला तोंड लावेना. रोज सकाळी आपल्या बाजूला उभा राहायचा, डाव्याची जागा सोडून. जू एकट्याच्या खांद्यावर ठेवता येत नाही नाना. जोड लावायला तसलाच निमाडी शोधला, जमला नाही, आणि त्यात बाजार बंद. पुढे ट्रॅक्टर सांगितला आणि उजवा ओळखीच्या माणसाला दिला, शेतकऱ्यालाच. पैसे मोजून घेतले, हो. दोनदा मोजले. वडिलांनी कासरा मात्र दिला नाही, तो अजून खुंटीला आहे. लिहा आता, हेही सोंग.

शहाद्याचा_नाना

हे पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. तिथे तुम्ही दुसऱ्यांची माया तोलत बसला होता.

भुसावळचा_लोको

नाना, आता सोडा ना.

शहाद्याचा_नाना

सोडलं. पण वैरणीचा हिशोब कळण्यालाही लागतो, ताईंनी तो सांगितला नाही. पार्व्होच्या सलाईनला किती गेले? ज्याच्याकडे नसतील त्यानं काय करायचं?

कळण्याची_आई

गेले. सोन्याची फुलं मोडली होती, ऐकायचंच असेल तर. आणि ज्याच्याकडे नसतील त्यानं पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की लस द्यावी, ती सलाईनपेक्षा फार स्वस्त पडते. आम्हाला तो मिळाला तेव्हाच आजारी होता.

बैलजोडीभाऊ, तुमच्या उजव्याबद्दल वाचून सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, कळण्याला घेऊन गच्चीवर गेले. तरी तुमचं 'काय परत केलं' मला पटलेलं नाही. काम घेतलं म्हणून खाऊ घालणं हा पगार झाला. पगार मी कामवाल्या मावशींनाही देते. काहीच न घेता घालायचं असेल तर त्याला तुम्ही काय म्हणता?

बैलजोडी_यावल

परवडतं म्हणता म्हणून करता, असं म्हणतो. आणि काहीच घेत नाही कसं? म्हातारा माणूस बोलता केला त्यानं. ते घेतलंच की तुम्ही. नांगराला जुंपलं नाही एवढंच.

कळण्याची_आई

... हा मुद्दा तुमच्याकडून यावा हेच नवल. बरं, धरला.

कापूसकोंड्या (पारोळा)

म्हणजे दोघंही पगारच देताहेत. क्विंटलला पगार नाही, हप्ता लागतो.

मिठूमालक (चोपडा)

आमच्याकडे पोपट आहे, 'राम राम' म्हणतो, कुकरची शिट्टी काढतो. सून गॅस बंद करायला धावते, तेव्हा हसतो. त्याच्याबद्दल कोणी लिहिलंच नाही.

सलाईनवाली (नंदुरबार)

काका, हिरवा, लाल चोचीचा, गळ्याला कंठ असलेला ना? तो देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. इथे तरी गावाचं नाव घालू नका.

मिठूमालक (चोपडा)

आमचा स्वतःहून आला होता.

अमळनेरी_मिरची

पिंजरापण घेऊन आला होता का काका?

धुळ्याचा_वाटसरू

बघा, पोपटासाठी कायदा आहे, पोरासाठी नाही. पण त्या लसीच्या तारखांबद्दल आभार. चौदाव्या दिवसाची राहिली होती, आज देऊन आलो.

बैलजोडी_यावल

ताई, तुमच्या सासऱ्यांना माझा रामराम सांगा. कुत्र्याला नाही.

कळण्याची_आई

दोघांनाही सांगितला. एकानं हात जोडले, एकानं जांभई दिली.

नवीन_सदस्य_चाळीसगाव

धागा पूर्ण वाचला नाही, मोठा आहे. जळगावात लॅब्राडोरचं पिल्लू साधारण केवढ्याला मिळेल? मुलगा हट्ट करतोय.

भुसावळचा_लोको

दुपारी बारा ते पाच घरी कोण असतं ते आधी सांगा, मग भाव सांगतो.