ईसीएम: दाद लेबलला द्यायची की कलाकाराला?

रामबागवाली
काल पाऊस थांबल्यावर 'मेकिंग म्युझिक' लावलं. झाकीरभाईंचा तबला, हरिजींची (चौरसिया) बासरी, जॉन मॅक्लॉफलिनची गिटार, यान गार्बारेकचा सॅक्सोफोन; ईसीएम या रेकॉर्ड कंपनीचा 1987 चा अल्बम. बासरी थांबते आणि पुढचा सूर यायच्या आत सबंध खोली ऐकू येते. ही मोकळी जागा मला फक्त ईसीएमकडेच मिळते. 1969 मध्ये म्यूनिकला मानफ्रेड आयशर यांनी ही छोटी कंपनी काढली. ते स्वतः डबल बास वाजवणारे. त्यांच्या कितीतरी सीड्या सुरू होताना आधी पाच सेकंद नुसती शांतता असते. एका माणसाच्या कानावर पन्नासहून जास्त वर्षं चाललेलं घर आहे हे, आणि माझा त्यावर जीव आहे.

डग्गा
असहमत. मी तबला शिकवतो. तबल्याला ईसीएमसारखा एवढा घुमारा (रिव्हर्ब) दिला की चाटेची, म्हणजे काठावरच्या आघाताची, धार बोथट होते. सॅक्सोफोनला शोभतं ते तबल्याला शोभेलच असं नाही. आणि शांतता कंपनीची कशी? आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी रागांची एलपी एचएमव्हीनं काढली, चांगली मोठी कंपनी. त्यातला ठहराव खाँसाहेबांच्या गळ्यातला आहे.

स्नेहलतागंज
डग्गा यांच्या बाजूनं आणखी एक. 1975 साली जर्मनीत कोलोनला पियानोवादक कीथ जॅरेटला ठरलेला पियानो मिळालाच नाही. मिळाला तो छोटा, वरचे सूर किरटे, पेडल बिघडलेलं. तरी त्यांनी त्यातूनच मैफल उभी केली. इथे लेबलनं काय केलं?

रामबागवाली
रेकॉर्ड केली! आणि तासाभराहून मोठं, आयत्या वेळी सुचलेलं एकट्या पियानोचं वादन न कापता दोन तबकड्यांवर काढलं. विकलं जाईल याची खात्री कोणाला होती? खाँसाहेबांचा ठहराव त्यांचाच, हे शंभर टक्के मान्य. पण तो विलंबित झुमरा (संथ लयीतला चौदा मात्रांचा ताल) निवांत मावेल एवढी जागा कोणीतरी द्यावी लागते ना? आपल्याकडे कित्येक बुजुर्गांचा अख्खा राग 78 आरपीएमच्या तबकडीवर तीन मिनिटांत कोंबला गेला. त्यांना असा आयशर मिळायला हवा होता, असं मला फार वाटतं.

डग्गा
तीन मिनिटांचं दुःख मलाही आहे. ते तबकडीच्या मापामुळे, तेव्हा आयशर असते तरी काय करणार होते? पण न कापता काढलं, तेवढं श्रेय लेबलला देतो. घुमाऱ्याबद्दल मात्र मागे हटणार नाही. आज हेडफोन लावून फक्त चाट ऐका, मग बोलू.